नदीकाठच्या सुशोभीकरणाचा आराखडा कसा वाचायचा, जागेवर काय बघायचं आणि हरकत कशी लिहायची

सांगली, कराड, वाई, माहुली कुठंही जा, नदीकाठाचं काम निघालं की पहिल्यांदा एक चित्र फिरायला लागतं. वरून काढलेलं असतं, निळंशार पाणी, त्याला लागून पांढरा चकचकीत रस्ता, स्टीलचं रेलिंग, ओळीनं पाम, ओळीनं दिवे आणि माणसं अगदी तुरळक. चित्र ग्रुपवर पडतं, सगळे खाली हात जोडतात, अभिनंदन करतात, आणि काम पूर्ण झालं की दुपारी तिथं पाय ठेवता येत नाही आणि संध्याकाळी सातनंतर चिटपाखरू नसतं. नदीकाठ नीट व्हायला पाहिजे, त्याला पैसे खर्च व्हायला पाहिजेत, याबद्दल माझं दुमत नाहीच. पण आपल्याकडं घाट काय असतो हे सगळ्यांना माहीत असताना त्याच नदीवर विमानतळाच्या व्हरांड्यासारखी जागा बांधली जाते याचं मला मनापासून वाईट वाटतं, आणि हे थांबवता येतं असं माझं ठाम मत आहे, फक्त काम सुरू व्हायच्या आधी आपण कागद बघितला पाहिजे. म्हणून हे सविस्तर लिहितेय. तुम्ही आर्किटेक्ट नसलात तरी चालतंय, मीटर टेप, लाल पेन आणि दोन-तीन मोकळ्या संध्याकाळी एवढं पुरतं.

आधी कागद मिळवा, चित्र नको

चित्रावर चर्चा करत बसू नका. तुम्हाला चार कागद लागतात: प्लॅन, क्रॉस सेक्शन, एस्टिमेट आणि काम दिलं असेल तर वर्क ऑर्डर. टेंडर निघालं असेल तर टेंडरच्या साईटवर ड्रॉइंग बऱ्याचदा असतातच, ती डाउनलोड करा. नसतील तर माहिती अधिकारात अर्ज टाका, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्जात "सर्व माहिती द्या" असं कधीच लिहू नका, त्यानं नुसता वेळ जातो. "अमुक घाट ते अमुक पूल या कामाचे मंजूर प्लॅन, सर्व क्रॉस सेक्शन, अंदाजपत्रक" असं नेमकं लिहा. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, या कायद्यात नुसत्या झेरॉक्स नाही तर फाईल प्रत्यक्ष बघायचा आणि चालू कामाची पाहणी करायचाही हक्क आहे. फाईल बघायला मागा. मोठ्या शीटची झेरॉक्स बारीक करून दिली तर आकडे वाचता येत नाहीत, टेबलावर उघडून बघितली की सगळं कळतं.

चारातला सगळ्यात महत्त्वाचा क्रॉस सेक्शन. म्हंजे काठ सुरीनं कापला आणि बाजूनं बघितला तर कसा दिसंल ते. वरून काढलेल्या प्लॅनमध्ये दहा फुटांची उभी भिंत पण नुसती एक रेघ दिसते, सेक्शनमध्ये ती भिंत भिंतच दिसते. त्यामुळं कुणी तुम्हाला फक्त प्लॅन दाखवत असेल तर सेक्शन मागा, आणि एकच नको, दर पन्नास मीटरवरचा मागा, कारण काठ सगळीकडं सारखा नसतो.

सेक्शनवर लाल पेनानं पाण्याच्या रेघा मारा

सांगलीत आपल्याला एक सोय आहे जी बऱ्याच गावांना नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलावरची पाण्याची पातळी शाळकरी पोरालाही पाठ असते, ४० फूट म्हंजे इशारा, ४५ फूट म्हंजे धोका, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं सगळ्यांनी बघितलंय. तर सेक्शनवर या रेघा मारायच्या. उन्हाळ्यातलं पाणी कुठं असतं ती एक, ४० ची एक, ४५ ची एक, २०१९ ची एक. ड्रॉइंगवर पातळ्या आरएलमध्ये, म्हंजे समुद्रसपाटीसारख्या एका ठरलेल्या पातळीपासून मोजलेल्या उंचीत असतात आणि पुलावर फुटात, त्यामुळं पुलाच्या पट्टीचं शून्य किती आरएलला येतं ते जलसंपदा विभागाला विचारा. आणि तुमची जागा पुलापासून लांब असली तर पातळी थोडी खालीवर होणार हे पण लक्षात घ्या. तरी अंदाज यायला एवढं भरपूर आहे.

या चार रेघा मारल्या की निम्मं उत्तर तिथंच मिळतं. फरशी, लॉन, दिवे, बेंच कुठल्या रेघेच्या खाली आहेत ते बघा. ४० च्या खाली जे जे आहे ते जवळजवळ दर मोठ्या पावसाळ्यात पाण्यात जाणार असं धरूनच चला. पाण्यात जाणं वाईट नाही, घाट कायमच पाण्यात जातात, प्रश्न असा आहे की पाणी उतरल्यावर ते फावड्यानं आणि पाईपनं धुता येतंय का.

दुसरं, उन्हाळ्यातल्या पाण्याच्या रेघेपर्यंत माणूस पोचतो का ते बघा. इथं वाईचा गणपती घाट डोळ्यापुढं आणा. सरदार गणपतराव रास्त्यांनी ढोल्या गणपतीचं देऊळ १७६२ साली बांधलं, ते थेट घाटावर, नदीला खेटून. देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, पुराचं पाणी आलं की दोन्हीकडं फाकून निघून जावं म्हणून. पाण्याशी भांडायचं नाही आणि पाण्याला पाठही दाखवायची नाही, हे त्या बांधणाऱ्याला पक्कं माहीत होतं. आणि पायऱ्या बघा, वरच्या आळीपासून सुरू होतात त्या पाण्यापर्यंत जातात. त्यामुळं पाणी कमी असो की जास्त, कुठल्यातरी पायरीवर ते तुम्हाला भेटतंच. मे महिन्यात खालच्या पायरीवर, श्रावणात वरच्या. म्हातारा माणूस वरच्याच पायरीवर बसतो, पोरं खाली पाण्यात पाय सोडतात, मधल्या पायरीवर कुणीतरी कपडे पिळत असतं, आणि कुणाचीच कुणाला अडचण होत नाही.

आता हे आणि उभी रिटेनिंग वॉल, म्हंजे काठाची माती अडवणारी भिंत, शेजारी शेजारी ठेवा. भिंतीला दोनच पातळ्या, वर आणि खाली. वर तुम्ही, खाली नदी, मध्ये रेलिंग. उन्हाळ्यात पाणी पार खाली गेलं की तुम्ही वरून नुसतं बघायचं. सेक्शनमध्ये अशी उभी भिंत दिसली तर विचारायचा पहिला प्रश्न हाच की पाण्यापर्यंत पायरी किती किती अंतरावर आहे, आणि पायरी आहे तिथं तिला कुलूपबंद गेट आहे का. खरंच काठ ढासळत असंल, वर घरं असतील, तर भिंत लागते, तिथं हट्ट करू नका. पण अख्ख्या पट्ट्याला एकच भिंत लावणं हे कामाच्या सोयीसाठी असतं, काठाच्या गरजेसाठी नाही.

शंभर मीटर चाला आणि दारं मोजा

हे नदीकडं तोंड करून उभ्या राहणाऱ्या इमारतींबद्दल, म्हंजे अपार्टमेंट, हॉटेलं, मॉल जे काय काठाच्या रस्त्याला येतंय त्याबद्दल. कोपनहेगनचे आर्किटेक्ट यान गेल यांनी रस्ता जिवंत आहे का मेलेला हे बघायची अगदी साधी पद्धत दिलीय. शंभर मीटर चालायचं आणि एका बाजूची दारं मोजायची. पंधरा ते वीस दारं आली तर रस्ता उत्तम, आणि दोनच्या आत आली तर तिथून माणूस मान खाली घालून भरभर निघून जातो. पायी चालणारा माणूस तासाला पाचेक किलोमीटर जातो, त्याला दर दोन-चार पावलांवर काहीतरी दिसलं पाहिजे, दुकान, दार, खिडकी, कट्टा, कुंडी, कुणीतरी बसलेलं.

सांगलीच्या गणपती पेठेत नाहीतर हरभट रोडला शंभर मीटर मोजून बघा, दारं मोजता मोजता चुकायला होतं. आणि मग नदीच्या बाजूला नवीन झालेल्या एखाद्या मोठ्या अपार्टमेंटपुढं तेवढंच चाला. एक मोठं गेट, एक छोटं गेट, बाकी सगळी कंपाउंड वॉल, भिंतीवर काचा नाहीतर तार, आणि आत स्टिल्टमध्ये, म्हंजे खांबांवरच्या मोकळ्या तळमजल्यात, अंधारात गाड्या. वरच्या बाल्कनीतून नदी छान दिसत असंल, ब्रोशरवर तेच छापलेलं असतं. पण रस्त्यावरून चालणाऱ्याला काय मिळतं तर भिंत आणि एसीच्या पाण्याची धार.

इथं बिल्डर लोक एक मुद्दा मांडतात आणि तो खरा आहे, तो नीट समजून घ्या नाहीतर तुमची हरकत कच्ची पडंल. पूर येणाऱ्या भागात तळमजल्यावर राहायची घरं ठेवताच येत नाहीत. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर इथल्या लोकांना विचारा, पाणी पहिल्यांदा त्यांच्याच दारात येतं. मग तळमजला मोकळा सोडून पार्किंग केलं तर त्यात चूक काय? मोकळा सोडण्यात चूक नाहीच. चूक आहे ती रस्त्याकडची सगळी बाजू गाड्यांना देण्यात. जर्मनीत हाम्बुर्गला हाफेनसिटी म्हणून जुन्या बंदराचा भाग नव्यानं बांधलाय, तिथं पण पूर येतो. त्यांनी इमारती समुद्रसपाटीपासून साधारण आठ मीटर उंचीच्या जोत्यावर घेतल्या, जोत्याच्या पोटात पार्किंग घातलं आणि त्याला पाणी अडवणारी दारं बसवली, पाण्याकाठचा चालायचा रस्ता मात्र खालीच ठेवला, तो बुडाला तर बुडू दे म्हणून. आणि जोत्याच्या वर, चालणाऱ्याच्या बाजूला, दुकानं, हॉटेलं, लोकांना येता जाता येईल असं ठेवायचा आग्रह धरला. त्या भागावरही टीका होतेच, महाग आहे, कडक आहे, सगळ्या इमारती एकाच वयाच्या आहेत. पण पूर आणि जिवंत रस्ता दोन्ही एकत्र जमतं एवढं त्यातनं कळतं.

आपल्याकडं तर याचं उत्तर जुन्या पेठेतच आहे. जोतं उंच, जोत्याला दोन-चार पायऱ्या, पायऱ्यांना लागून कट्टा, आत गाळा आणि गाळ्याला माळा. पाणी चढायला लागलं की माल माळ्यावर. मोठा पूर आला की माळाही पुरत नाही, २०१९ ला आणि परत २०२१ ला ते व्यापाऱ्यांनी भोगलंय, त्यामुळं गाळे ठेवा म्हणताना मीटर, वायरिंग, फ्रीज वरच्या उंचीला राहील अशी सोय पण त्याच दमात मागितली पाहिजे. पार्किंग मागं घ्या आणि रस्त्याकडच्या बाजूला दहा-बारा फूट खोलीचे गाळे नाहीतर नुसता कट्टा तरी द्या, एवढी मागणी कुठल्याही सोसायटीच्या मीटिंगमध्ये आणि कुठल्याही हरकतीत करता येते.

बसून बघा, आणि दुपारी बसून बघा

न्यूयॉर्कमध्ये विल्यम व्हाईट नावाच्या माणसानं १९७० च्या दशकात मोठ्या इमारतींपुढच्या मोकळ्या जागांवर कॅमेरे लावून बघितलं की कुठल्या जागा भरतात आणि कुठल्या ओस पडतात. निष्कर्ष इतका साधा की हसू येईल, जिथं बसायला जागा असते तिथं लोक बसतात. पायरी, कठडा, कट्टा, कशावरही, एक फूट ते तीन फूट उंचीपर्यंत काहीही चालतं. जागा किती चकचकीत आहे याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही.

तर ड्रॉइंगवर बसायच्या जागा मोजा आणि प्रत्येकीला तीन प्रश्न विचारा. सावली आहे का, पाठीमागं काही आहे का, समोर काय दिसतं. सांगलीत एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, अशा वेळी उघड्यावरच्या पॉलिश ग्रॅनाईटवर दुपारी चारला हात ठेवून बघा आणि मग त्याच वेळी एखाद्या वडाच्या पारावर जाऊन बघा. अजून एक बघायचं, बेंच नदीकडं तोंड करून एका रांगेत आहेत का. रांगेतल्या बेंचवर दोघंच बसू शकतात, पाच बायका गप्पा मारायला बसू शकत नाहीत, त्यांना एल आकाराचा नाहीतर गोल कट्टा लागतो. बेंचला मध्येच लोखंडी दांडा घातला असेल तर तो आडवं पडू नये म्हणून घातलेला असतो हे ओळखा, आणि शेतातून बाजाराला आलेला माणूस दुपारी तासभर पडला तर कुणाचं काय बिघडतं हे विचारा.

झाडांची यादी एस्टिमेटमध्ये असते, ती नक्की वाचा. रॉयल पाम, फॉक्सटेल पाम असलं काही असेल तर ते चित्रासाठी आहे, सावलीसाठी नाही. आपल्या कृष्णाकाठाला वाळुंज, करंज, उंबर, जांभूळ, वड, पिंपळ आहेत, ही झाडं पुरात उभी राहतात आणि काठ धरून ठेवतात. हरिपूरच्या रस्त्याला चिंचांची सावली आहे म्हणून तो रस्ता लोकांना आवडतो, तिथं कुणी डिझायनर बेंच टाकलेले नाहीत. आणि काम करताना आहे ती झाडं किती जाणार हा आकडा लेखी घ्या, नवीन किती लावणार हा आकडा त्याच्यापुढं काही कामाचा नाही, रोप मोठं व्हायला पंधरा वर्षं जातात.

आत्ता तिथं कोण आहे त्याची यादी करा

हे काम कुणीच करत नाही आणि मला विचाराल तर हेच सगळ्यात जास्त महत्त्वाचं आहे. आराखडा काढणारा बऱ्याचदा दुपारी गाडीतनं येतो, त्या वेळी काठ मोकळा असतो, आणि त्याला वाटतं ही पडीक जागा आहे. म्हणून तुम्ही पहाटे जा, दुपारी जा, दिवेलागणीला जा, एकदा बाजाराच्या दिवशी जा, एकदा अमावस्येला जा. वहीत लिहा कोण, कुठं, काय करतंय.

सांगलीच्या सरकारी घाटावर पहाटे पोहणारे असतात, त्यांच्यात सत्तरीचे आजोबा पण असतात आणि नवीन शिकणारी पोरं पण. दशक्रियेला आलेली माणसं असतात, त्यांना आडोसा लागतो आणि पाणी हाताशी लागतं. धुणं धुणाऱ्या बायका असतात. जनावरं धुवायला आणणारा असतो. मासे धरणारा असतो, त्याला होडी लावायला उतार लागतो. होड्यांच्या शर्यती होतात तेव्हा सगळा काठ माणसांनी भरतो. विसर्जनाला तर विचारूच नका. स्पर्धा परीक्षेची पोरं पुस्तक घेऊन झाडाखाली बसतात. संध्याकाळी भडंग-भेळीची गाडी, कणसं, उसाचा रस. या प्रत्येकाला काय लागतं ते समोर लिहा आणि मग ड्रॉइंगमध्ये ते कुठं आहे शोधा. नसेल तर तो माणूस तिथनं हद्दपार झाला असं समजा, कारण रेलिंग लागल्यावर आणि वॉचमन बसल्यावर पहिल्यांदा हीच माणसं हाकलली जातात.

आमच्या भागातल्या एका घाटावर असंच झालं. धुण्याची जुनी पायरी होती, काळ्या दगडाची, मधोमध घासून खोलगट झालेली, तिच्यावर पाय घसरायचा नाही कारण दगडाला टाकीचे, म्हंजे छिन्नीचे, घाव होते. तिच्यावर गुळगुळीत ग्रॅनाईट बसवला. पहिल्याच पावसात शेवाळ धरलं, आणि एक बाई बादलीसकट घसरल्या, मनगट मोडलं. त्यानंतर तिथं "कपडे धुण्यास सक्त मनाई" असा बोर्ड लागला. दगड बदलला नाही, बायकांनाच बंद केलं. म्हणून सांगते, फिनिशच्या रकान्यात काय लिहिलंय ते बघा. पायरीला टाकीचा दगड नाहीतर फ्लेम फिनिश (आगीनं खरबरीत केलेला दगड) मागा, पॉलिश कुठंच नको.

हातगाडीवाल्यांबद्दल एक कायदेशीर गोष्ट लक्षात ठेवा. पथविक्रेत्यांचा २०१४ चा केंद्राचा कायदा आहे, त्यात सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं दिल्याशिवाय कुणाला उठवता येत नाही असं स्पष्ट म्हटलंय. सुशोभीकरणाच्या नावाखाली उठवत असतील तर सर्व्हे कधी झाला, नगर पथविक्रेता समितीत काय ठरलं, हे लेखी विचारा. आणि हे नुसतं त्यांच्या पोटाचं नाही, आपल्या सुरक्षेचं पण आहे. रात्री साडेआठला काठावरून एकटीनं चालत यायचं असलं तर मला हायमास्टचा उजेड नको असतो, मला कणीस भाजणारी मावशी तिथं पाहिजे असते. जेन जेकब्स यांनी १९६१ मध्ये अमेरिकेतल्या शहरांबद्दल हेच लिहिलं, रस्त्यावर लक्ष ठेवणारे डोळे असले की रस्ता सुरक्षित राहतो, आणि ते डोळे दुकानदारांचे, शेजाऱ्यांचे, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे असतात. कुठल्याच मुलीला हे सांगायची गरजही नाही, ती आपोआप गाडीवाल्याच्या बाजूनं चालते. सीसीटीव्ही लागू द्या, पण गाडी हलवून सीसीटीव्ही लावला तर जागा जास्त असुरक्षित झाली.

पुराचा हिशोब

नदीकाठच्या कामात हा विषय सगळ्यात तांत्रिक आहे आणि इथं आपल्याला गप्प बसवलं जातं, म्हणून दोन गोष्टी पक्क्या करून जा. निळी रेषा म्हंजे साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा म्हंजे १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळ्या रेषेमधला पट्टा निषिद्ध, निळ्या-लालमधला नियंत्रित. तुमचं काम कुठल्या पट्ट्यात आहे ते नकाशावर दाखवा म्हणायचं. निषिद्ध पट्ट्यात भराव टाकून लॉन करत असतील, फूड कोर्ट बांधत असतील तर तिथंच थांबवून विचारायचं.

दुसरी गोष्ट, सेक्शनमध्ये जुना काठ तुटक रेघेनं दाखवलेला असतो आणि नवीन सलग रेघेनं. नवीन रेघ नदीच्या बाजूला सरकली असेल तर पात्र तेवढं अरुंद झालं, दोन्ही काठांवर तसंच केलं तर दुप्पट. अहमदाबादला साबरमतीचं असंच केलं, पात्र कुठं रुंद कुठं अरुंद होतं ते साधारण २६३ मीटरला एकसारखं करून दोन्हीकडं भिंती घातल्या, आणि नदीत दिसतं ते भरलेलं पाणी नर्मदेच्या कालव्यातनं येतं. आपल्याकडं कुणीही साबरमतीचं उदाहरण दिलं की हे शांतपणे सांगायचं. कृष्णा २००५, २०१९, २०२१ ला काय करून गेली ते आपण बघितलंय, कोयना आणि वारणेचं पाणी एकाच वेळी आलं की तिला पसरायला जागा लागते, ती जागा काढून घेतली तर ते पाणी कुणाच्या तरी घरात जाणार हे ठरलेलं आहे.

बाकी बारीकसारीक भराभर सांगते. पेव्हर ब्लॉक पुरात उखडतात आणि खालची वाळू वाहून जाते, घाटाच्या खालच्या भागात नकोतच. जमिनीत बसवलेले एलईडी एका पुरात जातात. लॉनवर गाळ बसला की लॉन संपलं, परत लावायचा खर्च कुणाचा ते विचारा. फायबरचे हत्ती-मोर आणि सेल्फी पॉईंट ४५ च्या रेघेखाली असतील तर ते पुढच्या गावाच्या बंधाऱ्याला जाऊन अडकतील. पाणी उतरल्यावर गाळ काढायला ट्रॅक्टर खालपर्यंत जायला उतार ठेवलाय का, आणि धुवायला पाण्याचा पॉईंट आहे का, हे दोन प्रश्न विचारलेत की समोरच्याला कळतं तुम्ही तयारीनं आलाय.

हरकत लिहिताना

"प्रकल्प लोकविरोधी आहे", "सौंदर्य नाही" असलं लिहिलंत तर फाईलला लागून पडतं. प्रत्येक मुद्द्यात तीन गोष्टी पाहिजेत: ड्रॉइंगवर नेमकं कुठं, आत्ता तिथं काय आहे आणि त्याऐवजी काय पाहिजे. ड्रॉइंगवर चेनेज, म्हंजे कामाच्या सुरुवातीपासूनचं अंतर, दिलेला असतो, तो लिहा. नमुना देते, घाटाचं नाव आणि आकडे आपापले घाला:

"चेनेज ३५० ते ४८० मीटर दरम्यान उभी रिटेनिंग वॉल व सलग रेलिंग दाखवले आहे. या ठिकाणी सध्या दगडी पायऱ्या असून रोज सकाळी पोहणारे नागरिक, धुणे धुणाऱ्या महिला व दशक्रिया विधीसाठी येणारे लोक त्यांचा वापर करतात (फोटो १ ते ६, दिनांक व वेळेसह). प्रस्तावित रचनेत उन्हाळ्यातील पाणीपातळीपर्यंत पोहोचण्याचा एकही मार्ग नाही. त्यामुळे या लांबीत भिंतीऐवजी पायऱ्यांचा घाट करावा, किंवा किमान दर ३० मीटरवर पाण्यापर्यंत जाणारी, गेट नसलेली, टाकीच्या दगडाची पायरी द्यावी."

असे पाच मुद्दे पुरतात. वीस मुद्दे लिहिले की महत्त्वाचे दोन हरवतात. सगळ्यांनी एकच छापील अर्ज सह्या करून देण्यापेक्षा पोहणाऱ्यांनी त्यांचा, बायकांनी त्यांचा, दुकानदारांनी त्यांचा असे वेगवेगळे द्या, प्रत्येक अर्जाची वेगळी नोंद होते.

कुठं द्यायचं ते कामावर अवलंबून आहे. विकास आराखड्यात आरक्षण बदलत असेल तर एमआरटीपी, म्हंजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याखाली प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांत हरकत द्यावी लागते आणि मग सुनावणी होते, सुनावणीला जाच, नुसत्या कागदावर सोडू नका. साधं टेंडरचं काम असेल तर अशी हरकतीची पायरी नसते, मग आयुक्त नाहीतर मुख्याधिकारी, शहर अभियंता, जलसंपदा आणि तुमचे नगरसेवक या सगळ्यांना एकाच दिवशी द्या, आणि महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो तिथं न्या. आवक शिक्का आणि नंबर घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. सोबत फोटो लावा, तो माणसाच्या उंचीवरून काढलेला असू दे, ड्रोनचा नको, आणि शक्यतो त्यांच्याच चित्रातली जागा त्याच कोनातून, आत्ता तिथं असलेल्या माणसांसकट. हा एक फोटो मीटिंगमध्ये दहा मिनिटांच्या भाषणापेक्षा जास्त काम करतो.

आणि नुसता नकार घेऊन जाऊ नका. अभियंत्यांपैकी बरेच जण याच गावातले असतात, त्यांनाही घाट आवडतो, त्यांना फक्त वरून आलेलं टेम्प्लेट बदलायला लेखी कारण पाहिजे असतं, ते तुम्ही द्या. रेलिंगचे पैसे पायऱ्यांना, पामचे पैसे वडाच्या पाराला, फोकसचे पैसे कपडे बदलायच्या आडोशाला आणि बायकांच्या स्वच्छतागृहाला, असा एस्टिमेटमधल्या आयटमचा नंबर टाकून बदल सुचवला तर एकूण रक्कम तीच राहते आणि त्यांना मंजुरी घेणं सोपं जातं. स्वच्छतागृह तर मी सगळ्यात वर लिहीन. ते नसलं की बायका अर्ध्या तासाच्या वर काठावर थांबत नाहीत, आणि ते कुठल्याच चित्रात दाखवलेलं नसतं.

काम सुरू झालं तरी सोडू नका. वर्क ऑर्डरमध्ये दोष दायित्व कालावधी लिहिलेला असतो, तेवढ्या काळात काही उखडलं, खचलं तर ठेकेदारानं स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करायचं असतं. तो कधी संपतो ती तारीख काढून ठेवा. पहिला पूर उतरला की आठवड्याच्या आत सगळ्या पट्ट्याचे फोटो काढा, कुठली पायरी खचली, कुठला दिवा गेला, कुठं गाळ साचून राहतोय ते चेनेजसकट लिहून त्या तारखेच्या आत आवक करा, कारण तारीख उलटली की तोच खर्च महापालिकेवर, म्हंजे आपल्यावर येतो.